रोबोची चौकट: आधी गुन्या, मग मोटर

डेट्रॉइट, अमेरिका

ती. जिभाऊ व वहिनींना साष्टांग नमस्कार,

पत्र मिळालं. लेकीच्या टीमच्या रोबोची चौकट आपल्याच वर्कशॉपात करायची ठरवलीत, हे फार बरं केलंत. केळीच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या हाताला हे काम जड नाही. फक्त तिथे बोटभर चुकलं तरी चालून जातं, इथे अर्धा मिलिमीटर नडतो.

फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेत सुरुवातीला रोबो १८ इंचांच्या, म्हणजे ४५७ मि.मी.च्या चौकोनी खोक्यात मावावा लागतो. चौकट ४३० लांब आणि ४२० रुंद धरा. उरलेली जागा स्क्रूची डोकी आणि वायरी खातात.

पोरं मेकॅनम (कडेला तिरके रोलर असलेली) चाकं मागतील, कारण त्यांनी रोबो आडवाही सरकतो. पण त्याला चारही चाकं जमिनीला सारखी टेकावी लागतात. चौकट जरा पिळली की एक चाक अधांतरी राहतं आणि रोबो तिरका पळतो. पहिल्या रोबोला ४ इंची रबरी चाकं सहा लावा, प्रत्येक बाजूला तीन.

यातली खरी मेख मधल्या चाकात आहे. बैलगाडी जागच्या जागी वळते, कारण तिला आस एकच. दोन आस आले की वळताना चाकं आडवी घासतात आणि मोटर तापते. म्हणून मधलं चाक ३ मि.मी. खाली बसवायचं. मग रोबो एका वेळी मधल्या दोन आणि पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांवर उभा राहतो, आणि वळण्यापुरती त्याची लांबी निम्मी होते. थोडा डुलेल, त्याची काळजी नको. बॅटरी मात्र खाली आणि मधोमध ठेवा.

बाजूच्या पट्ट्यांना २५ × ५० चा, २ मि.मी. जाडीचा अॅल्युमिनियम पाइप घ्या. एका बाजूला दोन पट्ट्या, मध्ये ६० मि.मी. फट, त्या फटीत चाकं आणि चेन. चाक बाहेरच्या बाजूने नुसतं लटकवू नका, पहिल्याच धडकेत शाफ्ट वाकतो. बेअरिंग ६०८ नंबरची, पण कॉलरवाली घ्या. भोक २२ चं, शाफ्ट ८ चा. एकूण १२ लागतील.

चेनचं अंतर अंदाजाने धरू नका. २५ नंबरच्या चेनचा पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर, ६.३५ मि.मी. असतो. दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) १६ दातांचे आणि चेन ६४ कड्यांची असेल, तर ६४ वजा १६ म्हणजे ४८, त्याचे निम्मे २४, गुणिले ६.३५. उत्तर १५२.४ मि.मी. हेच शेजारच्या दोन आसांमधलं अंतर. कड्या समच ठेवा. विषम झाल्या की अर्धी कडी घालावी लागते आणि चेन तिथेच तुटते. मधलं चाक ३ मि.मी. खाली गेल्याने हे अंतर जेमतेम तीन शतांश मिलिमीटरने वाढतं, ते सोडून द्या.

चारही पट्ट्या एकत्र क्लॅम्प करा आणि ड्रिल मशीनवर एकदमच भोकं पाडा. वरच्या कडेपासून टोकाची भोकं २५ वर, मधलं २८ वर. हातड्रिलने हे काम करू नका. आधी ३ मि.मी.चं भोक, मग मोठं. एकेक पट्टी वेगळी मारली की शाफ्ट तिरका बसतो, आणि मग कितीही तेल घाला, चाक जडच फिरतं.

जोडताना सगळे बोल्ट सैल ठेवा, गुन्या (काटकोन तपासायची पट्टी) लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ६०१ मि.मी. भरले पाहिजेत. मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ठोकून सरळ करा, मगच आवळा. नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) नट वापरा. लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) फक्त धातूतल्या स्क्रूंना. पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पत्र्याला लागलं तर पत्रा तडकतो.

चेन बोटाने दाबल्यावर मध्ये ३-४ मि.मी. लवावी. ताठ असेल तर बेअरिंग खाते, ढिली असेल तर दात सोडते. जोडकडीची क्लिप सायकलला चालते, कारण सायकल एकाच दिशेने धावते. रोबो मागेपुढे दोन्हीकडे झटके घेतो, त्यात क्लिप निसटते. पिन दाबून चेन बंद करा.

मोटर ३१२ आरपीएमची (मिनिटाला ३१२ फेऱ्या), प्रत्येक बाजूला दोन. ४ इंची चाकाने वेग सेकंदाला १.६६ मीटर येतो. १४ किलोच्या रोबोची रबरी चाकं घसरायला प्रत्येक मोटरवर साधारण १८ किलो-सेंमी जोर यावा लागतो. मोटर अडकेपर्यंत २४ किलो-सेंमी जोर देणारी घ्या, म्हणजे समोरच्याला ढकलताना आधी चाक घसरेल, मोटर जळणार नाही.

आणि एक, हे खास जळगावच्या उन्हासाठी. थ्रीडी प्रिंटरचे पीएलए प्लास्टिकचे भाग साठ अंशांना मऊ पडतात. मे महिन्यात बंद गाडीत रोबो ठेवला तर मोटरचे माउंट वाकलेले मिळतील. माउंट अॅल्युमिनियमचेच करा.

तयार झाल्यावर चौकट विटांवर ठेवून चाकं हाताने फिरवा. दोन्ही बाजू सारख्याच हलक्या लागल्या पाहिजेत. मग दहा मिनिटं चालवून चारही मोटरींना हात लावून बघा. एखादी जास्त तापली तर त्या बाजूचा शाफ्ट अडतोय. कर्णांचे आकडे आणि मोटरींचा हाल मला लगेच कळवा.

आईला नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा भाऊ