तोंड उघडलेल्या प्रतिमांचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतील जबड्याच्या सांध्याच्या एमआरआयवरील लेख वाचला. या तपासणीत क्ष-किरण लागत नाहीत आणि ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या क्ष-किरण चित्रात, न दिसणारी सांध्यातली चकती तिच्यात दिसते, हे लेखकमहोदयांनी अचूक लिहिले आहे. मात्र ही तपासणी एकदा तोंड मिटून आणि एकदा उघडून करायची असते, एवढे एक वाक्य लिहायला त्यांना अख्ख्या पानात जागा मिळाली नाही, याचे नवल वाटते.

कित्येक महिने घास चावताना माझ्या कानापाशी ‘कट्’ असा आवाज येत असे. गेल्या वर्षी एके दिवशी तो थांबला, आणि त्याच सकाळी तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. एमआरआय झाला, ‘चकती पुढे सरकली आहे’ असा रिपोर्टही आला, पण फिल्म उजेडासमोर धरताच डॉक्टरांनी विचारले, “तोंड उघडलेल्या प्रतिमा कुठे आहेत?” तोंड उघडताना ती चकती जागेवर परत येते की पुढेच अडकून राहते, हे त्यांना पाहायचे होते आणि नेमके तेच काढलेले नव्हते. सेंटरवर विचारले, तेव्हा ‘चिठ्ठीवर तसे लिहिलेले नव्हते’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेचे पैसे मात्र चिठ्ठीवर काही लिहिलेले नसतानाही पूर्ण घेण्यात आले. ज्याचे तोंड उघडत नाही, त्याने ते उघडे राहावे म्हणून दातांत सिरिंजची नळी धरून मशीनच्या त्या खडखडाटात निश्चल पडून राहायचे म्हणजे काय, हे लेखकमहोदयांनी एकदा अनुभवून पाहावे.

आवाज येऊ लागताच एमआरआय करून घ्यावा, हा त्यांचा सल्लाही मला पटला नाही. कसलाही त्रास नसलेल्या माणसांपैकी साधारण एकतृतीयांश जणांची चकती सरकलेली दिसते, असे माझ्या डॉक्टरांनीच मला सांगितले होते. त्या सर्वांना मशीनमध्ये घालायचे आहे काय? सांध्यावर बोटे ठेवून तपासायला आणि तोंड किती उघडते ते पट्टीने मोजायला काही हजार रुपये लागत नाहीत.

जाता जाता एक गोष्ट निदर्शनास आणतो. लेखासोबत छापलेली प्रतिमा जबड्याची नसून गुडघ्याची आहे. माझे गुडघेही दुखतात, परंतु त्याविषयी मी स्वतंत्र पत्र लिहीन.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा