उसना एक परत कधी द्यायचा? नानांना जाहीर आभारपत्र

आदरणीय नाना,
नमस्कार.

तुम्हाला गावी जाऊन महिना झाला. इथे कोपरखैरण्यात तुमच्या खोलीला कुलूप आहे आणि ओट्यावर शेजारच्यांनी रिकामा सिलेंडर आणून ठेवलाय. लेक शाळेतून येताना रोज त्या सिलेंडरकडे रागाने बघते. हे पत्र तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल. असं चारचौघांत लिहिते, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा टाका" म्हणून विषय बदलता. पेढे दिले तर त्यातले निम्मे मोजून परत पाठवलेत, तेही विसरले नाही मी.

लेक तिसरीत गेली तेव्हाची गोष्ट. चाचणीत 52 वजा 38 बरोबर 26 आणि 403 वजा 178 बरोबर 375 असं लिहून आली होती. मी तिला जिन्यातच झापत होते. मी दिवसभर ऑफिसात हिशेबच बघते (म्हणजे हिशेब एक्सेल करतं, मी त्याच्याकडे बघते), आणि माझ्या मुलीला साधी वजाबाकी येऊ नये? "शेजारून एक उसना घे, किती वेळा सांगितलं!" तुम्ही ओट्यावर सुपारी कातरत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "वरडू नका ताई. आधी इचारा तिला, कसं काढलं."

खरं सांगते, मला तेव्हा राग आला होता. उत्तर चुकलंय हे दिसतंय, आणखी काय विचारायचं?

पण तुम्ही विचारलंत आणि तिने सांगितलं. पाचातून तीन गेले, दोन उरले. आठातून दोन गेले, सहा उरले. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे पहिलीत कधीतरी कानावर पडलेलं तिने प्रत्येक घरात इमानदारीने पाळलं होतं. 403 मध्येही तेच. सातातून शून्य, आठातून तीन. मी वर्षभर "लक्ष कुठे असतं तुझं" म्हणत होते आणि पोरगी एकाच नियमाने, न चुकता, चुकत होती.

मग तिने तुम्हाला विचारलं, "आजोबा, आई म्हणते उसना घे. पण मग तो परत कधी द्यायचा?"

मला हसू आलं. तुम्ही हसला नाहीत. वाटीभर साखर उसनी नेली तर परत द्यावी लागते, हे तिला आमच्या चाळीतच कळलेलं. तुम्ही म्हणालात, "आमचे मास्तर परत द्यायला लावायचे, शेठ." आणि पाटीवर मांडून दाखवलंत. वरच्या दोनावर दहा दिले, बारा झाले. बारातून आठ गेले, चार. आता ते दहा फेडायचे, म्हणून खालच्या तिनाचे चार करायचे. पाचातून चार गेले, एक. चौदा. वरच्या संख्येत दहा वाढले, खालचीतही दहा वाढले, मग फरक होता तेवढाच राहिला. माझे वडीलही वजाबाकीत असा काहीतरी "हातचा" धरायचे आणि मी ती जुन्या लोकांची खोड समजत होते. त्यामागे एवढा सरळ हिशेब आहे हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ओट्यावर बसून कळलं.

लेकीला मात्र नोटांची रीत जास्त पटली. तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यातल्या दहाच्या नोटा, रुपयाची नाणी. पाच नोटा आणि दोन रुपये आहेत, अडतीस द्यायचेत. "सुटे कुठायत? मोड की एक नोट." 403 ला तर दहाची नोटच नव्हती. शंभराची मोडून दहाच्या दहा घेतल्या, त्यातली एक पुन्हा मोडली. हातात राहिल्या शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि सुटे तेरा. एकशे अठ्ठ्याहत्तर दिल्यावर उरले 225. त्या दिवसापासून आमच्या घरात उसना शब्द बंद आहे. आमच्याकडे आता नोट मोडतात.

दुसरी भानगड छत्तीसची. तुम्ही छत्तीस म्हणालात की ती 63 लिहायची. मी कपाळावर हात मारायची. तुम्ही म्हणालात, "बरोबरच हाय की. छ आधी आला, तीस मागनं. पोरगी कानानं लिहिती." नाना, 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावीससोबत "वीस दोन" असंही वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. तेव्हा मी त्यावरचे विनोद चार ग्रुपवर पुढे ढकलले होते. आता घरातच 63 निघाल्यावर ते आठवून ओशाळायला होतं. बावीस जायला नको, हे माझं मत आजही तेच आहे. पण शिकताना तिने आधी "तीस सहा" म्हटलं तर मराठीचं काही बिघडत नाही.

आणि याच मराठी नावांतून तुम्ही तिला सगळ्यात मोठी चावी दिलीत. "एकोणपन्नास म्हंजे?" तिने 49 लिहिलं. "न्हाई, म्हंजे काय?" एक उणे पन्नास. 49 सक किती, तर पन्नास सक तीनशे, त्यातून सहा एक सहा काढले, दोनशे चौऱ्याण्णव. नावातच रीत दडलेली, आणि मी जन्मभर ते नाव नुसतं घोकत आले.

तुमची वाशीच्या मार्केटातली मापाडीची अख्खी नोकरीच त्यावर चालली म्हणा. गोणी पन्नासाच्या धरायच्या, काट्यावर वर-खाली किती तेवढंच मनात ठेवायचं. 48, 51, 50, 47, 53. दोन कमी, एक जास्त, बरोबर, तीन कमी, तीन जास्त. एकूण एक कमी, म्हणजे अडीचशेला एक कमी, 249. लेक हल्ली माझ्या भाजीची बिलं अशीच तपासते. भाजीवाल्या मावशी वैतागल्यात.

पाढ्यांवरून आपलं वाजलं, तेही लिहिते. मी म्हणत होते, समजलं की बास, घोकायचं कशाला. तुम्ही ऐकेनात. आधी सात आठे छप्पन जिभेवर पाहिजे, डोकं पुढच्या कामाला मोकळं राहतं, हे तुमचं म्हणणं मला आता पटलंय. औटकीबद्दल मात्र अजून पटलेलं नाही. तुम्ही "बारा औटे बेचाळीस" म्हणालात आणि ती आनंदाने ओरडली, "कोण आउट?" साडेतीनचा पाढा आज कोणाच्या कामाचा? तरी ती तो म्हणते, तुमच्यासाठी.

परवा ट्रान्स हार्बरच्या गाडीने मामाकडे ठाण्याला चाललो होतो. रबाळे गेलं आणि मी सहज सांगितलं, की 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्यालाच. "मग 2025 मध्ये किती वर्षं झाली?" मी मोबाईल काढेपर्यंत तिचं सुरू झालं होतं, तुम्ही दुकानदाराची म्हणून दाखवलेली रीत, खालून वर मोजत सुटे परत द्यायची. "1853 पासून 1900 पर्यंत सत्तेचाळीस. दोन हजारपर्यंत शंभर. वर पंचवीस. एकशे बहात्तर." समोरच्या बाकावरच्या काकांनी विचारलं, कुठल्या क्लासला जाते? तिने सांगितलं, "नानांच्या ओट्यावर."

मला फार काही सुचलं नाही, मी खिडकीबाहेर बघत बसले.

गुडघ्याला तेल लावत जा. इथे यायचं ठरलं की आधी कळवा, सिलेंडर हलवून ओटा धुऊन ठेवते. आणि रविवारी फोन करीन तेव्हा तयारीत बसा. लेकीने एक प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद असं सगळं नीट चाललेलं असताना 99 ला एकोणशंभर का नाही म्हणायचं? मी माझं उत्तर दिलं होतं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नानांना विचारू."

तुमची,
वरच्या मजल्यावरची ताई