तोपकापीचे पाणी ऐकायचे राहिले

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील इस्तंबूलवरचा लेख वाचला. तोपकापी राजवाड्यातल्या हिऱ्यांवर चार परिच्छेद, पण तिथल्या पाण्याबद्दल एक ओळही नाही, याची चुटपूट लागली.

सुलतान तिसरा मुराद याचा १५७८ चा महाल मिमार सिनान या वास्तुकाराने बांधला. आत इझनिक गावच्या निळ्या टाइल्स आणि भिंतीतच संगमरवरी कारंजे, एकाखाली एक तोट्यांचे. पाण्याच्या आवाजात सुलतानाचे खासगी बोलणे बाहेर कुणाच्या कानी पडू नये, अशी त्यामागची युक्ती सांगतात. आपण अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवतो!

राजवाड्याच्या चौथ्या चौकात ‘बगदाद कोश्क’ या मंडपवजा महालापाशी संगमरवरी गच्ची आणि हौद आहे. कठड्याला लागून सोनेरी छताचा छोटा मंडप, १६४० चा. रमजानमध्ये सुलतान तिथे रोजा सोडत असे. समोर खाली गोल्डन हॉर्नची खाडी.

ऑटोमन बागांतले मला सर्वांत आवडते ते सेल्सेबिल: उभ्या संगमरवरी फळीवर कोरलेल्या इवल्या वाट्या, वरची भरली की पाणी खालच्या वाटीत ओघळते. नाव कुराणातल्या स्वर्गीय झऱ्याचे. उंच उडणाऱ्या कारंज्यांपुढे हे फारच सोशिक वाटते. आमच्या सहलीत मात्र राजवाड्याला जेमतेम तास दिला होता. त्यातला निम्मा खजिन्याच्या रांगेत गेला.

– एक वाचक, पुणे