न दिसलेल्या ठिपक्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

प्रबंध जमा करून आठवडा झाला. ऋणनिर्देशात आपला उल्लेख एका ओळीत आला आहे, पण आपण केलेली मदत त्या ओळीत मावणारी नसल्याने हे उघड पत्र लिहीत आहे.

सर्रा या रोगाकडे मी वळले ती चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याविषयी वाचून. एरवी उंट, घोडे आणि गुरांमध्ये आढळणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा सर्राचा एकपेशीय परजीवी 2004 मध्ये त्यांच्या रक्तात सापडला होता. मात्र परजीवीच्या पेशीत नेमके काय चालते, याची मला फारशी कल्पना नव्हती. तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र, हे शाळेत पाठ केलेले वाक्य घेऊनच मी आपल्याकडे आले होते.

ती दुपार अजून आठवते. उंदराच्या रक्ताच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या पातळ थरात, जांभळट केंद्रक, शेपटासारखी कशाभिका आणि तिच्याकडेची नागमोडी झालर स्वच्छ दिसत होती, परंतु कशाभिकेच्या मुळाशी असायला हवा तो कायनेटोप्लास्टचा, म्हणजे तंतुकणिकेतील डीएनएचा, गडद ठिपका काही केल्या सापडेना. जिम्सा हा रंग बिघडला असे समजून मी तीन स्लाइडी नव्याने रंगवल्या, बफरचा सामू पुन्हा तपासला, आणि शेवटी रडकुंडीला येऊन आपल्याला हाक मारली. आपण डोळा लावून पाहिलेत आणि रंग उत्तम चढला आहे, ठिपकाच मुळात नाही, असे शांतपणे सांगितलेत. सर्राच्या सगळ्याच स्ट्रेनमध्ये असे नसते, काहींत छोटी डीएनए-वर्तुळे उरलेली असतात, हेही त्याच वेळी बजावलेत.

मग डीएनए गमावलेली तंतुकणिका हा जंतू बाळगतो कशाला, या माझ्या प्रश्नावर आपण पुढचे दोन तास दिलेत. रक्तात साखर मुबलक असल्याने तो आपली ऊर्जा ग्लायकोलिसिसमधून, म्हणजे साखर तोडून, मिळवतो. तंतुकणिका त्याला इतर कामांसाठी लागते, आणि त्यासाठीची बहुतेक प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून तयार होऊन बाहेरून आत यावी लागतात. ती आत यायची तर तंतुकणिकेच्या पटलाच्या दोन बाजूंमध्ये विद्युत विभवांतर टिकले पाहिजे. ट्रिपॅनोसोमा ब्रुसेई या त्याच्या जवळच्या नातलग परजीवीमध्ये, रक्तातील अवस्थेत, हे काम एटीपी सिंथेज, म्हणजे एरवी एटीपी हे पेशीचे ऊर्जाचलन बनवणारे प्रथिनयंत्र, उलटे फिरून करते: एटीपी बनवण्याऐवजी खर्च करून प्रोटॉन बाहेर ढकलते. त्या यंत्राचा एक भाग तंतुकणिकेच्याच डीएनएवर लिहिलेला असल्यामुळे तो डीएनए गमावणे म्हणजे मरण ओढवून घेणे. इव्हान्सायने ही अडचण त्याच यंत्राच्या गॅमा नावाच्या उपघटकातील एका लहानशा बदलावर निभावून नेली आहे. हे दाखवणाऱ्या 2013 मधील शोधनिबंधाची प्रत आपण मला दिलीत आणि समासात पेन्सिलीने आकृत्या काढून प्रत्येक पायरी समजावलीत. ती आकृती नसती तर मी संपूर्ण तिसरे प्रकरण चुकीचे लिहिले असते, कारण तोवर मी एटीपी सिंथेजचा बाण सरळच काढत होते.

आयसोमेटामिडियमसारखे औषध कायनेटोप्लास्टच्या डीएनएवर घाला घालते, त्यामुळे त्या डीएनएवाचून जगणाऱ्या जंतूवर त्याचा जोर कमी पडू शकतो, हा मुद्दाही आपल्याच सूचनेवरून शेवटच्या प्रकरणात आला. परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न त्यावरच विचारले.

स्लाइडींची पेटी सोमवारी आणून देते. पहिल्या स्लाइडीवरचे तेल मी पुसून ठेवले आहे, पण ती नव्याने रंगवलेली नाही.

आपली विद्यार्थिनी