हातरिक्षा थांबेल, पण ई-रिक्षाची किल्ली ओढणाऱ्याच्याच हातात द्या

प्रति,
माननीय पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

गणपती गेले, पितृपक्ष लागला, तरी आमच्या माथेरानला पाऊस उघडायचे नाव घेत नाही. काल संध्याकाळी बाजारपेठेत धुके एवढे दाट होते, की समोरच्या चिक्कीच्या दुकानातला दिवा तेवढा दिसत होता, दुकान दिसत नव्हते. दिवसभरात पर्यटक मोजून दहा-बारा आले असतील. खाली नेरळहून येणारी आगगाडी जूनपासून बंद आहे. अमन लॉज या जवळच्या स्थानकापासूनची शटल तेवढी धुक्यात शिट्टी देत येते-जाते. वर्षातले चार महिने माथेरान असे फक्त इथे राहणाऱ्यांचे असते. 2011 च्या जनगणनेत आम्ही 4,393 जण होतो. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त माणसे राहत असतील. पण आमची स्वतःची गिरिस्थान नगरपरिषद आहे, शाळा आहे, बाजार आहे, देऊळ, मशीद आणि चर्च आहे. रुग्णवाहिका, आगीचा बंब आणि मोजक्या ई-रिक्षा सोडल्या, तर गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्याच्या अलीकडे मोटार येत नाही.

माथेरानबद्दल मुंबईत जे ठरते ते बहुतेक वेळा पर्यटक डोळ्यांसमोर ठेवून ठरते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आमची चूल पर्यटकांवरच पेटते. पण आज मला त्या पर्यटकाला ओढून वर आणणाऱ्या माणसाबद्दल बोलायचे आहे.

माझे वडील हातरिक्षा ओढायचे. टॅक्सी दस्तुरीला थांबते, तिथून गावापर्यंत अडीच-तीन किलोमीटर. ज्याला चालवत नाही आणि घोड्यावर बसायची भीती वाटते, तो हातरिक्षात बसतो. पुढे एक माणूस, मागे दोघे. चढाला मागचे दोघे खांदा लावतात. लोकांना वाटते चढ अवघड. खरा कस उताराला लागतो. तिथे पुढच्याला टाचा रोवून सगळी गाडी अंगावर घ्यावी लागते आणि मागच्यांना ती मागे खेचून धरावी लागते. पावसात जांभ्याचा दगड शेवाळलेला, माती निसरडी, आणि गाडीत बसलेले माणूस घाबरून हलत असते. वडील कायम पुढे असायचे. लहानपणी मला वाटायचे, पुढे राहणे म्हणजे मानाचे काम. रात्री आई खोबरेल तेलात कापूर घालून त्यांचा खांदा चोळायची. त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि त्या भेगांत इथली लाल माती इतकी मुरलेली होती, की आंघोळ करून आले तरी टाचा लालच दिसायच्या. आज काम सोडून बरीच वर्षे झाली, तरी तो रंग पुरता गेलेला नाही.

एका श्रावणात रात्री शेजारच्या काकींच्या पोटात असह्य दुखू लागले. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन खाली गेली होती. वडिलांनी आणि आणखी दोघांनी काकींना हातरिक्षात निजवले, वरून ताडपत्री बांधली आणि निघाले. मी बॅटरी धरून पुढे चालत होतो. पावसाच्या धारांपलीकडे बॅटरीचा उजेड चार पावलेसुद्धा जात नव्हता, मी नुसताच 'डावीकडे दगड', 'इथे पाणी' असे ओरडत होतो. काकी वाचल्या. त्यांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी पैसे पुढे केले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "पेशंटचे भाडे नसते."

हे काम बंद व्हायला हवे, असे मी त्याच वडिलांचा मुलगा म्हणून सांगतो. 6 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने तेच सांगितले. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे, ती सहा महिन्यांत बंद करा, गुजरातमधल्या केवडियाप्रमाणे ई-रिक्षा घेऊन त्या भाड्याने देण्याची योजना करा, असा आदेश झाला. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हेही न्यायालयाने बजावले. बातमी आली तेव्हा वडिलांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग विचारले, "गाडी कुणाच्या नावावर होणार?"

महोदय, हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

आमच्या गावाचा इतिहास मे 1850 पासून सांगायची पद्धत आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान शोधले, असे पाटीवर असते, गाइडही तसेच सांगतात. पण मॅलेट चौक गावाकडून वर आले तेव्हा हा डोंगर ओसाड नव्हता. इथे धनगरांचे वाडे होते, ठाकर आणि कातकरी या रानात वावरत होते, त्यांना इथली प्रत्येक पाऊलवाट आणि झरा ठाऊक होता. नंतर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, बंगले उठले, मुंबईची पारशी, बोहरी आणि गुजराती कुटुंबे उन्हाळ्याला येऊ लागली. ही सगळी मंडळी वर यायची ती तट्टांवरून, नाहीतर पालखीत बसून. पालखीला भोई लागतात. म्हणजे हे गाव पहिल्या दिवसापासून माणसाच्या खांद्यावर बसून वर चढले आहे. नुसती माणसेच वर आली नाहीत. बंगल्यांच्या विटा, कौले, लोखंडी खांब हे सगळे कुणीतरी वाहून आणले, आणि दस्तुरीपासून पुढे आजही सिमेंटची गोणी, गॅसचा सिलिंडर, तांदळाचे पोते घोड्यावर किंवा माणसाच्या डोक्यावरच येते. खालच्या वाड्यांतल्या आदिवासी बाया पाऊलवाटांनी जळणाच्या मोळ्या, भाजी आणि रानमेवा घेऊन चढतात. त्यांच्या वाटेवर तर हातरिक्षासुद्धा नाही.

सर आदमजी पीरभॉय आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात नेरळपासून रेल्वे बांधली. दोन फूट रुंदीचा रूळ, सुमारे 21 किलोमीटरचा घाट, डोंगराच्या अंगाला अंग घासत जाणारी वळणे. त्या काळी सुमारे 16 लाख रुपये खर्च आला आणि तो एका कुटुंबाने उचलला. शंभर वर्षांपूर्वी एक व्यापारी या गावासाठी एवढे करू शकला, तर महाराष्ट्र सरकारला काही डझन ई-रिक्षा जड जाव्यात असे मला वाटत नाही.

जड जाईल ती दुसरी गोष्ट, आणि तिच्यासाठी आमचा पाऊस समजून घ्यावा लागेल. माथेरान सुमारे 800 मीटर उंचीवर आहे आणि इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. आम्ही मे महिन्यातच आगोट भरून ठेवतो: तांदूळ, डाळ, मीठमिरची, सुकी मासळी, घोड्यांचा चारा. घराच्या पावसाच्या बाजूला प्लॅस्टिक बांधतो. जुलैत कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, काड्यापेटी चुलीजवळ ठेवली नाही तर पेटत नाही. 26 जुलै 2005 च्या पावसाने रेल्वेमार्ग इतका उद्ध्वस्त केला, की गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडले. पुढेही ती कधी अपघातामुळे, कधी दरड कोसळल्याने महिनोन् महिने बंद राहिली. गाडी बंद म्हणजे गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी म्हणजे उधारीची वही जाड.

आता विचार करा. हातरिक्षा ओढणाऱ्याला ई-रिक्षा कर्जावर दिली, तर बँकेचा हप्ता जुलैतही येणार आणि ऑगस्टमध्येही. त्या महिन्यांत त्याच्या हातात दिवसाला एक भाडे आले तरी पुष्कळ. तो हप्ता कुठून भरेल? दोन पावसाळ्यांत गाडी ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे जाईल, आणि आमचा माणूस त्याच गाडीवर रोजंदारीने बसेल किंवा तेही मिळणार नाही. म्हणून माझी पहिली विनंती: गाड्या सरकारने घ्याव्यात, ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, आणि जून ते सप्टेंबर ते भाडे घेऊ नये. इथल्या सिझनचे गणित ज्याला कळते, तो याहून वेगळे काही सुचवणार नाही.

दुसरे, यादी. हातरिक्षांचे परवाने 94 आहेत. परवाना एकाच्या नावावर असतो, पण गाडीला तीन जणांचे खांदे लागतात. कागदावर एक नाव आणि रस्त्यावर तीन माणसे, हे लक्षात ठेवून कलेक्टरसाहेबांच्या समितीने यादी करावी, आणि ती दस्तुरी नाक्यावर सर्वांसमोर वाचून दाखवावी. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की पंचवीस वर्षे कोण ओढत होते आणि कोण नव्हते. उरलेल्या गाड्या आदिवासी महिला आणि इतर स्थानिकांना देता येतील, हेही न्यायालयाने सुचवले आहे. मोळी घेऊन चढणाऱ्या बाईच्या हातात स्टिअरिंग आलेले मला पाहायचे आहे.

याच गावात 1 डिसेंबर 1912 ला विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले, आमचे भाई कोतवाल. नाभिक घरातला मुलगा वकील झाला. शेतकऱ्याला आणि आदिवासीला सावकाराच्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठारे सुरू केली. पुढे बेचाळीसच्या लढ्यात मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले, आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर हुतात्मा झाले. त्यांच्या नावाने इथे दरवर्षी हार घातले जातात. ई-रिक्षासाठी जर त्यांच्याच गावातल्या माणसाला पुन्हा सावकाराकडे जावे लागले, तर तो हार घालताना आम्हाला मान वर करता येणार नाही.

तिसरी गोष्ट मातीची. माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा प्रदेश फेब्रुवारी 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. दस्तुरीपासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायला न्यायालयाची हरकत नाही, मात्र खाली काँक्रीटचा थर नको आणि आतल्या वाटांवर ब्लॉक नकोत. हा तोल बरोबर आहे, तो मोडू देऊ नका. मुख्य रस्ता नीट झालाच पाहिजे. नाहीतर पाऊस माती वाहून नेतो, दगड उघडे पडतात आणि उन्हाळ्यात घोड्याची लीद मिसळलेली लाल धूळ आमच्या पोरांच्या छातीत जाते. पण शारलोट तलावाकडे, पिसारनाथाच्या देवळाकडे, लुईझा पॉइंटकडे जाणाऱ्या वाटा मातीच्याच राहू द्या. त्या वाटांवर पाणी मुरते म्हणून झाडे उभी आहेत, आणि झाडे उभी आहेत म्हणून आमचा डोंगर उभा आहे. ओल्या गुळगुळीत ब्लॉकवर घोड्याची नाल कशी सटकते, हे कोणत्याही घोडेवाल्याला विचारा. तोही आमच्यातलाच आहे. हातरिक्षावाल्याचे पोट भरताना घोडेवाल्याच्या पोटावर पाय पडू नये, म्हणून गाड्यांची संख्या आणि मार्ग दोघांना एकत्र बसवून ठरवा.

नव्या ई-रिक्षा आल्या की सकाळच्या पहिल्या फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी ठेवा. दस्तुरीकडची मुले दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, एका छत्रीत दोघे, भिजत येतात आणि दुपारपर्यंत ओल्या कपड्यांत बाकावर बसतात. 2022 च्या डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या, तेव्हा त्या मुलांना कोरड्या कपड्यांत वर्गात शिरताना आम्ही पाहिले आहे. एक गाडी रात्रंदिवस पेशंटसाठी राखून ठेवा. आणि दुरुस्तीचा एक मेकॅनिक वर गावातच बसवा, कारण बंद पडलेली गाडी खाली न्यायची वेळ आली, तर ती ढकलायला पुन्हा हीच माणसे लागतील.

आणखी काही आठवड्यांनी पाऊस उघडेल, नेरळची गाडी सुरू होईल, दिवाळीची गर्दी लोटेल. त्या गर्दीत पुष्कळ मान्यवर येतात. आपण त्याआधी या, रस्ते ओले आहेत तोवर. दस्तुरीपासून चालत या. माझे वडील अजून रोज सकाळी नाक्यावर जाऊन बसतात. ते आपल्याबरोबर चालतील, आणि कुठल्या वळणावर पुढच्या माणसाला टाच रोवावी लागते ते दाखवतील. शेवाळ फार आहे, तेव्हा पकड असलेले बूट घालून या.

आपला,
माथेरानचा एक रहिवासी