तुंबणे हा पेनाचा दोष नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आरेखनाच्या जुन्या साधनांवर जो लेख आला, तो मी आस्थेने वाचला. रस्ते आणि पूल यांचे नकाशे करण्यात माझा उभा जन्म गेला, आधी अनुरेखक म्हणून आणि पुढे आरेखक म्हणून. त्यामुळे टी-स्क्वेअर, गुण्या, ट्रेसिंग कापड, अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेने काढलेली नकाशाची प्रत) हे शब्द इतक्या वर्षांनी छापील अक्षरांत पाहून बरे वाटले. मात्र शाई भरून वापरायच्या, निबेच्या जागी बारीक पोकळ नळी असलेल्या पेनाविषयी, ज्याला आम्ही सगळे सरसकट 'रोट्रिंग' म्हणत असू, लेखात दोन गोष्टी अशा आल्या आहेत की त्यांवर गप्प बसणे मला जमले नाही. पहिली म्हणजे हे पेन सतत तुंबत असे, म्हणून त्याची रचना मुळातच सदोष होती, हे विधान. दुसरी म्हणजे लेखासोबतचे चित्र. त्यात पेन फाउंटन पेनसारखे तिरपे धरलेले दाखवले आहे. असे पेन महिनाभर चालवले तर नळीचे तोंड एका बाजूने झिजते आणि रेघ कधी जाड, कधी बारीक येऊ लागते. ते कागदावर काटकोनात उभे धरायचे असते. आमच्या कचेरीत नव्या मुलाचे पहिले आठ दिवस केवळ मनगट सरळ करण्यात जात.

या पेनात दोष नव्हता असे मला म्हणायचे नाही. दोष होता आणि आजही आहे, पण लेखकाने तो जिथे दाखवला तिथे तो नाही.

हे पेन येण्यापूर्वी शाईची रेघ रूलिंग पेनने मारत. त्यात दोन पोलादी पात्या असतात, त्यांमधले अंतर बारीक स्क्रूने कमीजास्त करायचे आणि शाईचा थेंब ड्रॉपरने त्या फटीत सोडायचा. रेघेची जाडी डोळ्याच्या अंदाजाने ठरे, म्हणून सकाळी मारलेली रेघ आणि दुपारी मारलेली रेघ एकसारखी येईलच याची खात्री नसे. १९३० च्या दशकात जर्मनीतल्या पेलिकन कंपनीने ग्राफोस हे पेन काढले. त्याच्या पोटात आरेखनाची शाई भरता येई आणि पुढची निब कामाप्रमाणे बदलता येई, म्हणजे रेघेसाठी एक, स्टेन्सिलसाठी दुसरी आणि अक्षरांसाठी तिरक्या काटाची तिसरी. त्या निबेची वरची पाती बाजूला सरकवून आतली शाई कापडाने पुसता येत असे. कारखानदाराने पुसण्याची सोय निबेतच करून ठेवली होती, ही बाब मला महत्त्वाची वाटते. शाई वाळणारच, हे गृहीत धरून ते पेन घडवले होते.

नळीचे पेन ही त्याहून जुनी कल्पना. १८७० च्या दशकात कॅनडात डंकन मॅकिनन आणि अमेरिकेत क्रॉस यांनी निबेच्या जागी बारीक नळी आणि तिच्यात सुई असलेली पेने काढली होती, पण ती लिहिण्यासाठी होती. १९२८ मध्ये हॅम्बुर्गमध्ये 'टिंटेनकुली' या नावाने तशाच जातीचे पेन विकायला सुरुवात झाली. त्याच्या अंगावर लाल कडे होते आणि त्या लाल कड्यावरूनच पुढे कंपनीला रोट्रिंग हे नाव पडले. याच कंपनीने १९५३ मध्ये रॅपिडोग्राफ आणले आणि रेघेच्या जाडीचा प्रश्न आरेखकाच्या अंदाजातून काढून नळीच्या व्यासावर सोपवला.

आता त्याची रचना पाहावी. टोकाला पोलादाची पोकळ नळी, तिच्या आत केसासारखी तार आणि त्या तारेच्या मागच्या टोकाला एक छोटे वजन. पेन आडवे धरून हलवले की वजन मागेपुढे होते, 'खट्खट्' असा आवाज येतो आणि तार नळीतून आतबाहेर सरकून तोंडाशी धरलेली शाई मोकळी करते. तो आवाज आला की पेन जिवंत आहे असे आम्ही समजत असू. नळी मुळाशी जाड आणि टोकाकडे बारीक, अशी पायरी असलेली असते. ही पायरी शोभेची नसून तिच्यामुळे पट्टीची कड आणि ओली शाई यांच्यात अंतर राहते, नाहीतर शाई पट्टीखाली ओढली जाऊन सगळी रेघ फासली जाते. नळीसकट टोकाच्या या तुकड्यालाही आम्ही निबच म्हणत असू. तिच्या मागे, शाईच्या टाकीपुढे, मळसूत्रासारखी नागमोडी खाच कोरलेली असते. हाताच्या उबेने टाकीतली हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. ती जास्तीची शाई कागदावर न पडता या खाचेत थांबते आणि हवा थंड झाली की परत जाते. टाकी अर्धी रिकामी असली की हवा जास्त, म्हणून डाग पडण्याचा धोकाही जास्त. उन्हाळ्यात आम्ही पेने काठोकाठ भरून ठेवत असू, ते याच कारणाने.

इतका विचार केलेले साधन तुंबते का, याचे उत्तर शाईत आहे. फाउंटन पेनच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, म्हणून ती सहसा अडकत नाही, पण नकाशावर पाण्याचा थेंब पडला तर ती पसरते आणि उन्हात फिकी होते. आरेखनाच्या शाईत काजळी असते, आणि ती कागदाला धरून राहावी म्हणून लाखेसारखे बंधक असते. आपल्या पोथ्यांच्या शाईतही काजळ आणि लाख असे, आणि शतकानुशतके ती अक्षरे काळीभोर राहिली आहेत. अशी शाई एकदा वाळली की पाण्याने सहजी विरघळत नाही. नकाशाला हाच गुण हवा आणि नळीला नेमका हाच नको. कागदावर कायमची बसणारी आणि नळीत कधीच न बसणारी शाई मागणे म्हणजे चूल पेटावी पण धूर होऊ नये असे म्हणण्यासारखे आहे. कारखानदारांनी यावर जो तोडगा काढला तो म्हणजे टोपणात ओलावा धरून ठेवणारी घट्ट बैठक, आणि निब, टाकी, खाचेचा भाग असा प्रत्येक तुकडा हाताने उलगडता येईल अशी जुळणी. हे पेन उघडण्यासाठीच बनवलेले होते. ते उघडायला शिकवले नाही, तर दोष पेनाला का द्यावा?

स्वतःची फजिती सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला गावी जाताना ०.२५ मिलिमीटर जाडीच्या रेघेचे पेन मी शाईसकट ड्रॉवरमध्ये टाकून गेलो. परत आलो तेव्हा ते खट्खट् वाजेना. घाईघाईने निब उकलली, तार चिमट्याने ओढली आणि ती वाकली. एकदा वाकलेली एवढी बारीक तार पुन्हा नळीत जात नाही. आमच्या मुख्य आरेखकांनी एक शब्दही न बोलता दुसरे तुंबलेले पेन माझ्यासमोर ठेवले, वाटीत कोमट पाणी घेऊन निब तशीच त्यात बुडवली आणि उद्या पाहा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाणी काळे झाले होते आणि तार मोकळी झाली होती. बारीक निबेतून तार बाहेर काढायची नसते, ती आतल्या आत भिजवून सोडवायची असते, हे मी नऊ जाड्यांच्या, म्हणजे नऊ आकड्यांच्या, पेनांपैकी एका आकड्याची निब गमावून शिकलो.

या आकड्यांचाही विचार करण्याजोगा आहे, कारण लेखात ते 'मनाला येतील तसे' ठरवल्याचे सुचवले आहे. ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.०, १.४ आणि २.० मिलिमीटर ही मालिका पाहिली तर प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतक्या पट आहे. ए-१, ए-२, ए-३ या कागदांच्या बाजूही याच प्रमाणात घटतात. त्यामुळे ए-१ वरचा नकाशा लहान करून ए-२ वर उतरवला की ०.७ ची रेघ ०.५ होते आणि ०.५ ची ०.३५, आणि त्या लहान प्रतीवर दुरुस्ती करायला नेमक्या त्याच जाडीचे पेन हाताशी असते. अक्षरांच्या उंच्याही २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर अशाच चढतात आणि रेघेची जाडी उंचीच्या दहाव्या भागाइतकी धरतात, म्हणून ५ मिलिमीटरच्या अक्षराला ०.५ चे पेन. पेनाच्या कड्याचा रंगही ठरलेला असतो, ०.३५ ला पिवळा, ०.५ ला तपकिरी, ०.७ ला निळा. टेबलावर पाच पेने पडलेली असली तरी मान वर न करता हवे ते उचलता येई. आज संगणकावर नकाशे करणारी मुले रेघेची जाडी निवडताना हेच आकडे निवडतात, ते कुठून आले हे त्यांना कुणी सांगत नाही इतकेच.

मी सुरुवातीला म्हणालो तो दोष इथे आहे. दहाव्या भागाचा हा नियम रोमन अक्षरांवरून बांधलेला आहे. रोमन 'ई' या मोठ्या अक्षरात आडव्या रेघा तीन. ५ मिलिमीटर उंचीत ०.५ च्या तीन रेघा बसवल्या तरी मध्ये प्रत्येकी पावणेदोन मिलिमीटरची मोकळी जागा राहते. आता आमच्या रोजच्या कामातले 'राष्ट्रीय महामार्ग' हे शीर्षक घ्यावे. त्यातल्या 'ट्री' या एका अक्षरात वरून खाली येताना वेलांटीची कमान, शिरोरेखा, टची वरची वळी, टची खालची वळी आणि तळाचा र अशा पाच रेघा लागतात. सगळे अक्षर ५ मिलिमीटरमध्ये बसवले तर ०.५ च्या पेनाने अडीच मिलिमीटर शाई होते आणि उरलेले अडीच मिलिमीटर चार फटींत वाटले जाते, म्हणजे एका फटीला जेमतेम ०.६ मिलिमीटर. अमोनिया प्रिंटवर अशी फट भरून जाते आणि अक्षराच्या जागी काळी गुठळी दिसते. म्हणून मराठी शीर्षकांना आम्ही नियम मोडून एक आकडा खाली उतरत असू. ०.३५ ने तीच फट ०.८ च्या आसपास जाते आणि अक्षर श्वास घेते.

त्यात शिरोरेखेचे वेगळे दुखणे. ओल्या उभ्या रेघेवरून आडवी रेघ नेली की सांध्यावर शाईचा थेंब फुगतो. त्यामुळे आधी सगळ्या ओळीची अक्षरे काढायची, ती वाळू द्यायची आणि मग गुण्या लावून शिरोरेखा एका दमात ओढायची, ही शिस्त कुठल्याही छापील पुस्तिकेत नव्हती, ती एका पिढीने दुसरीला तोंडी दिली. जाडबारीक वळणाचे देखणे अक्षर या पेनाने येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्यासाठी बोरू किंवा कटनिबच हवी, कारण देवनागरीचे सौंदर्य तिरक्या काटातून येते आणि नळी कुठल्याही दिशेला सारखीच जाड रेघ देते. नकाशाला सुंदर अक्षर नको असते, वाचता येणारे अक्षर हवे असते, एवढाच या पेनाचा दावा होता.

हे सगळे जुने उगाळण्याचे कारण असे की, माझी नात वास्तुशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिच्या वर्गात अजून काही आरेखने शाईने काढून घेतात. मी तिला माझा जुना संच दिला. एका निबेची तार तुटली होती, म्हणून तेवढी निब घ्यायला आम्ही शहरातल्या एका मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सुटी निब येत नाही, नवे पेन घ्या, नाहीतर हे वापरून टाकायचे फाइनलायनर घ्या, असे सांगितले. वर्गातली बहुतेक मुले तेच घेतात. त्यांचे तंतूचे टोक पट्टीच्या कडेला घासून दबते, मग ०.१ ची रेघ ०.२ होते आणि पेन कचऱ्यात जाते. शाई संपण्याआधीच टोक मरते, हा माझ्या नातीचा अनुभव. ते पेन तुंबत नाही हे खरे, पण त्याला तुंबण्याइतके आयुष्यच दिलेले नाही.

तेव्हा आपल्या माध्यमातून दोन मागण्या मांडतो. शाई भरायची पेने विकणाऱ्यांनी निबा आणि टाक्या सुट्या ठेवाव्यात, निदान ०.२५, ०.३५ आणि ०.५ या तीन आकड्यांच्या तरी, कारण विद्यार्थ्याचे नव्वद टक्के काम या तिघांवर भागते. आणि ज्या महाविद्यालयांत आरेखन शाईने करून घेतले जाते, तिथे पहिल्या सत्रात एक तास पेन उलगडून धुण्यासाठी आणि एक तास मराठी अक्षरांसाठी ठेवावा. त्या दुसऱ्या तासात 'राष्ट्रीय महामार्ग' हे दोन शब्द आधी ०.५ ने आणि मग ०.३५ ने काढायला लावावेत. दोन्ही कागदांची छायाप्रत निम्म्या आकारात काढली की मी वर जे आकडेमोडीने सांगितले ते मुलांना एका नजरेत दिसेल.

लेखासोबतचे चित्र पुन्हा छापायचे झाल्यास त्यातले पेन कृपया उभे करावे.

आपला,
एक निवृत्त आरेखक, नाशिक