खरेदीखतात तुझे नाव असू दे

नागपूर,
गुरुवार

चि. सौ. मृणाल हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर "आई, प्रत्येक गोष्टीत कागद आणू नकोस" असे तू म्हणालीस आणि बोलणे तिथेच तुटले. बाबा म्हणतात, जाऊ दे, घर त्यांचे आहे, ते बघून घेतील. मलाही तसेच वाटावे अशी माझी इच्छा आहे. परंतु तुम्ही बेशाला घेत असलेल्या फ्लॅटचा करारनामा पुढच्या आठवड्यात नोंदवायचा आहे आणि तो एकदा नोंदवला गेला की मी काही बोलून उपयोग राहणार नाही, म्हणून लिहिते आहे. मध्येच राग आला तर पत्र बाजूला ठेव आणि निखिलराव घरी आल्यावर दोघांनी मिळून वाच. त्यांच्यापासून लपवण्यासारखे यात काहीही नाही.

माझा कोणावर संशय नाही, हे आधी सांगते. तुझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, काटोलच्या बागेतला आपला हिस्सा विकून बुकिंगचे पैसे भरले, हे मी विसरलेले नाही. त्या झाडांवर त्यांचा किती जीव होता, हे तुझ्या लग्नाच्या वेळी मी पाहिले आहे. त्यांचे नाव काढा, असे मी कधीच म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, करारनाम्याच्या मसुद्यात लिहून घेणार म्हणून अप्पा आणि निखिलराव अशी दोन नावे आहेत, आणि बँकेच्या कर्जाच्या अर्जावर मात्र तीन सह्या आहेत. तिसरी सही तुझी आहे.

सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. हप्ता थकला तर बँक संपूर्ण रकमेसाठी तुला जबाबदार धरू शकते, पण कर्जाच्या कागदावर सही केल्याने घरात तुझा हिस्सा निर्माण होत नाही. गृहकर्जावरची प्राप्तिकराची सवलतसुद्धा सहकर्जदाराला तो घराचा सहमालक असेल तरच मिळते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि त्या दस्तात ज्याचे नाव, त्याची मालकी. घरटॅक्सची पावती, विजेचे बिल, फेरफार यांनी मालकी मिळत नाही. फेरफार हा महसुलाच्या वसुलीसाठी असतो. नोकरीच्या सगळ्या काळात मी लोकांना हेच समजावून सांगत आले.

तू तिसरीत होतीस तेव्हा शाळा सुटल्यावर माझ्या कार्यालयात येऊन बसायचीस, कपाटामागच्या बाकावर पाढे लिहीत. तिथे एकदा एक बाई आल्या होत्या, तुला आठवतात का ते माहीत नाही. त्यांनी पिशवीतून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. विटांची बिले, सळयांची बिले, गवंड्याने सही केलेली वहीची पाने, टॅक्सच्या पावत्या, सगळे तारखेनुसार लावलेले. वरच्या मजल्याचे बांधकाम त्यांनी आपल्या पगारातून केले होते. मी आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेच्या हक्काचा सरकारी उतारा, काढून त्यांच्यापुढे ठेवली. धारक म्हणून सासऱ्यांचे नाव होते, त्याखाली सासऱ्यांच्या पश्चात लागलेली दिरांची आणि नणंदेची नावे. त्यांचा नवरा त्याच्या वडिलांच्या आधी गेलेला होता आणि वारसांच्या अर्जात या बाईंचे नाव कोणी लिहिलेच नव्हते. पूर्वमृत मुलाची विधवा म्हणून त्यांचा हक्क कायद्यात होता, तो मिळवण्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागेल असे मी त्यांना सांगितले. त्यांनी गठ्ठा पुन्हा बांधला, गाठ नीट बसेना म्हणून दोनदा सोडली, आणि मला नमस्कार करून गेल्या. स्कूटरवर तू विचारलेस की ती काकू का रडत होती. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही, पण तुझ्या नावाचा विचार मी त्या दिवसापासून करते आहे.

पुन्हा तिथेच आले. तरीही सांगते, कारण तुझ्या बाबतीत नेमके काय होईल ते तुला आकड्यात कळायला हवे. समजा फ्लॅटमध्ये अप्पा आणि निखिलराव यांचा निम्मा निम्मा हिस्सा आहे आणि अप्पांनी मृत्युपत्र केले नाही. तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांचा निम्मा हिस्सा तुझ्या सासूबाई, निखिलराव आणि दोन्ही नणंदा यांच्यात सारखा वाटला जाईल. म्हणजे निखिलरावांचे पाच अष्टमांश आणि बाकी तिघींचा प्रत्येकी एक अष्टमांश. त्या तिघींचा हक्क रास्त आहे, त्याविरुद्ध मी अवाक्षर काढणार नाही. पण या हिशेबात वीस वर्षे हप्ते भरणारी सून कुठेच येत नाही, कारण नवरा हयात असताना सून सासऱ्यांची वारस नसते.

तू म्हणशील, पैसे माझ्या खात्यातून गेल्याचा पुरावा आहे ना. तो उपयोगी पडेलच असे समजू नकोस. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, असा व्यवहार 1988 च्या कायद्याने बेनामी ठरतो, 2016 मध्ये तो कायदा आणखी कडक झाला, आणि अशा मालमत्तेवर "खरी मालक मी आहे" असा दावाच लावता येत नाही. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावे घेतले तर त्याला अपवाद आहे. सासऱ्यांच्या नावासाठी तसा अपवाद नाही. अप्पांच्या मनात यातले काहीही नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच कागदही त्यांच्या मनासारखाच असावा.

हे सगळे व्याख्यानासारखे होत चालले आहे. क्षमा कर. तू अभियंता आहेस, चारचौघांत उभी राहून आपले म्हणणे मांडतेस, गेल्या वर्षी तुझ्या हाताखाली सात माणसे आली तेव्हा मी शेजारच्या सगळ्यांना पेढे वाटले. तुला शिकवावे एवढी मी मोठी नाही. पण भीती वाटते, आणि ती वाटली की मला कायद्याखेरीज दुसरे बोलताच येत नाही.

आपल्या घराचे तुला कधी नीट सांगितले नव्हते. हा भूखंड नागपूर सुधार प्रन्यासचा. 1936 च्या कायद्याने प्रन्यास झाली आणि तिने आखलेल्या वस्त्यांतले भूखंड तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. म्हणजे भिंती आपल्या, पण खालची जमीन पट्ट्याने. भूभाटक, म्हणजे जमिनीचे भाडे, भरायचे, मुदत संपली की नूतनीकरण करून घ्यायचे, विकायचे झाले तर आधी परवानगी. नझूलच्या जागेचेही साधारण असेच, फक्त तिथे मालक थेट सरकार असते. पट्टा करायच्या वेळी बाबांचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त होता. तरीही दुय्यम निबंधकांसमोर बसलेले असताना त्यांनी मसुदा लिहिणाऱ्याला थांबवले आणि पुन्हा लिहायला लावले, दोघांची नावे घालून. बाहेर मे महिन्याचे ऊन होते, तो माणूस कुरकुरत होता, आणि बाबा शांतपणे म्हणाले, "कागद नवा लागेल, त्याचे पैसे घ्या." त्यांनी नंतर हा विषय कधी काढला नाही. मला मात्र या घरात भांडतानासुद्धा कधी परके वाटले नाही, आणि तेच तुला मिळावे असे वाटते.

महाल भागातले आपले घर निराळे. ते आजोबांच्या वडिलांपासूनचे, वडिलोपार्जित. तिथे मुलीचा हक्क जन्माने. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच सहदायकी हक्क मिळाला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, त्यासाठी 9 सप्टेंबर 2005 या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही. काकांनी पुष्पाआत्याकडून हक्कसोडपत्र घ्यायचा विषय काढला तेव्हा बाबांनी नकार दिला, त्यावरून काय झाले ते तू पाहिलेस. आत्याचे नाव आजही आखीव पत्रिकेवर आहे. दिवाळीला ती अजून त्याच घरात उतरते.

आता बेशाच्या फ्लॅटचे. त्यात जमिनीचा तुकडा तुमच्या वाट्याला येणार नाही, अविभक्त हिस्सा येईल. नागपुरात अनेक इमारती 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असतात. तिथे प्रत्येक सदनिकेचे स्वतंत्र अपार्टमेंट डीड होते आणि जमीन, जिना, गच्ची यांतला हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे, आणि तुम्ही भागधारक सभासद. यांपैकी कोणते आहे ते बिल्डरला विचारा. मूळ सातबारा मागा, त्यावर भोगवटादार वर्ग एक आहे की दोन ते बघा. वर्ग दोन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्प नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा. आणि करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हे अप्पांच्या कानावर घाल, कारण त्यांनी पावती न घेता काही दिले आहे का, अशी मला शंका आहे. करारनामा झाला म्हणजे घर झाले असेही समजू नका. मालकी देणारा दस्त विक्रीचा, म्हणजे खरेदीखत; करारनाम्याने फक्त विक्री करून मागण्याचा हक्क मिळतो.

तीन नावे घातलीत तर हिस्से स्पष्ट लिहा. लिहिले नाहीत तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा धरला जातो, आणि तेही सिद्ध झाले नाही तर सारखा. अप्पांनी बाग विकून भरलेल्या रकमेचा हिस्सा त्यांचा, उरलेला तुमचा दोघांचा, हे त्यांनाही पटेल असे मला वाटते. एकत्र नाव असले की एकाच्या पश्चात सगळे आपोआप दुसऱ्याचे होते, असा पुष्कळांचा समज आहे. आपल्याकडे तसे होत नाही, ज्याचा त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. नामनिर्देशनानेही वारसांचा हक्क बुडत नाही. म्हणून प्रत्येकाने मृत्युपत्र करावे. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. आम्ही केले आहे, तुला आणि सुमेधला सारखे, हे त्यालाही माहीत आहे.

"नंतर घालू नाव" असे तू रविवारी म्हणालीस. नंतर म्हणजे नवा दस्त, बँकेची संमती आणि मुद्रांक शुल्क. राहत्या घराचे बक्षीसपत्र नवऱ्याने बायकोला केले तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार निराळा. पण सासऱ्यांनी सुनेला दिले तर, मुलगा हयात असताना, ही सवलत लागू नाही. आज मात्र मसुद्यात एक ओळ वाढवायची आहे, तिचा खर्च काहीही नाही. फक्त स्त्रीच्या नावे घर घेतले तर शुल्कात एक टक्का सूट मिळते, पण तो आग्रह मी धरत नाही, कारण त्यासाठी अप्पांचे नाव वगळावे लागेल.

एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो. नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने विवाहितेला दिला आहे, घर सासऱ्यांच्या नावे असले तरी. तो हक्क मोठा आहे, पण तो राहण्याचा आहे, मालकीचा नाही, आणि तो मागायची वेळ कोणावर येऊ नये. तुझ्यावर येईल असे मला वाटत नाही. निखिलराव तुला तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि यात माझा काही स्वार्थ आहे असे अप्पांकडच्या कोणाला वाटले, तर त्यांना सांग की, विवाहित मुलीने स्वतः कमावलेल्या मालमत्तेत आईबापांचा क्रम तिचा नवरा आणि मुले तर सोडाच, नवऱ्याच्या वारसांच्याही मागे लागतो. मला त्या घरातून काही यायचे नाही. मला तिथे पाहुणी म्हणून येऊन चार दिवस राहायचे आहे.

तुला अप्पांशी बोलणे अवघड वाटत असेल तर बाबा बोलतील. दोघांचे सकाळी फिरायला जाण्याचे ठरलेले आहेच. तू नको म्हणालीस तर मी कोणालाही काही सांगणार नाही. फक्त मसुदा पाठव. मी वाचून, जिथे बदल हवा तिथे पेन्सिलने खूण करून परत देईन.

जेवणाच्या वेळा सांभाळ. सासूबाईंना नमस्कार, निखिलरावांना आशीर्वाद.

तुझी
आई

ता. क. नावे मसुद्याच्या पहिल्याच पानावर असतात, तेवढे पान आज रात्री मोबाईलवर पाठवलेस तरी चालेल. आणि हप्त्यांचे बँकेचे उतारे दर वर्षी छापून फाईलला लावत जा.